बाहेरून कडी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशात बडोद्याच्या नावाची एक लढाऊ तुकडी उडत होती, हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळले. आमच्या घराच्या चार पिढ्या दांडिया बाजाराजवळच्या एकाच गल्लीत गेल्या, आजोबांनी गायकवाड सरकारच्या बांधकाम खात्यात २८ वर्षे कारकुनी केली, आणि सयाजीराव महाराजांच्या गोष्टी तर आमच्या घरात मिठासारख्या रोजच्या वापरात होत्या. पण या तुकडीचे नाव मी कोणाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. दातांची प्रयोगशाळा बंद केल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून मी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचे एक किट विकत घेतले होते आणि त्याच्यावर कोणत्या तुकडीची अक्षरे घालावीत याचा विचार करत तुकड्यांच्या याद्या चाळत होतो. १२२ बॉम्बे, १२९ म्हैसूर, १३२ सिटी ऑफ बॉम्बे, १५२ हैदराबाद, अशी ओळखीची गावे परक्या आकड्यांशेजारी बसलेली दिसत गेली, आणि त्यांच्यातच १२४ या आकड्यापुढे बडोदा होते.

त्या क्षणी बाकीच्या याद्या मी मिटून ठेवल्या. त्याला आता चौदा महिने झाले.

नावामागे पैसा होता, हे उघडच आहे. १९४० च्या मे महिन्यात लॉर्ड बीव्हरब्रुक ब्रिटनचे विमान-उत्पादन मंत्री झाले आणि त्या उन्हाळ्यात विमानांसाठी वर्गणी गोळा करण्याची मोठी लाट उठली. एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड, असा एक सोयीचा आकडा ठरवण्यात आला. विमानाचा खरा खर्च त्याहून पुष्कळ जास्त होता, पण वर्गणीला गोल आकडा लागतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही गणेश मंडळाला ठाऊक आहे. गावांनी, कारखान्यांनी, वसाहतींनी आणि संस्थानांनी पैसे दिले, आणि मोठ्या देणगीदारांची नावे तुकड्यांना मिळाली. बडोद्याच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंहराव महाराज होते. त्यांचे आजोबा सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारीत वारल्यावर ते गादीवर आले होते. त्यांच्या देणगीवरून १२४ व्या तुकडीला बडोद्याचे नाव मिळाले.

रुपया तेव्हा दीड शिलिंगाला बांधलेला होता, म्हणजे ५,००० पौंड हे सुमारे ६६,७०० रुपये झाले. माझ्या आजोबांचा पगार त्या काळात महिना ४० रुपये होता, असे आत्या सांगते. मी हिशेब मांडून पाहिला. पगारातला एक पैसाही खर्च न करता आजोबांनी साठवला असता, तर एक विमान घ्यायला त्यांना जवळजवळ १३९ वर्षे लागली असती. हा हिशेब निरर्थक आहे हे मला कळते, पण तो केल्यावाचून मला राहवले नाही. कारण संस्थानात महाराजांचा पैसा कोठे संपत असे आणि रयतेचा कोठे सुरू होत असे, ही रेघ कारकुनाच्या घरातून फारशी स्पष्ट दिसत नसावी. याच गादीने १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते. त्या खर्चाबद्दल प्रत्येक बडोदेकर आजही छाती फुगवून बोलतो. विमानांच्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही, आणि लाज वाटते म्हणून बोलत नाही असेही नाही. लोक विसरले आहेत, इतकेच.

तुकडीचे आयुष्य तसे लहानच होते. १० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, कॅसलटाउन येथे ती नव्याने उभी राहिली, त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनजवळच्या बिगिन हिलला आली, १९४२ च्या जुलैपासून अतिउंचीवर उडणारी खास विमाने तिला मिळाली, १९४५ मध्ये तिने हॉलंडमधल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणांच्या तळांवर बाँब टाकले, आणि १ एप्रिल १९४६ रोजी तिचा आकडा बदलून ५६ करण्यात आला, तेव्हा बडोद्याचे नाव तिच्यावरून उतरले. बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मे १९४९ रोजी, म्हणजे आकाशातले बडोदे जमिनीवरच्या बडोद्याच्या तीन वर्षे आधीच संपले होते.

तुकडीच्या बोधचिन्हावर मुंगूस होते. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी आतल्या खोलीत जाऊन आत्याला सांगितले. आत्या नव्वदीतली आहे, तिला ऐकू कमी येते, पण मुंगूस हा शब्द तिने पहिल्या खेपेतच पकडला आणि लगेच म्हणाली, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ." कामाठी बागेच्या कुंपणाशी आम्ही पोरे हेच ओरडत उभी राहत असू. स्कॉटलंडच्या त्या थंड किनाऱ्यावर या मुंगसाला रामाची शपथ कोणी घातली नसेल.

आता प्रतिकृतीकडे वळतो, कारण सांगण्यासारखे खरे तेथेच आहे.

एकास अठ्ठेचाळीस हे प्रमाण मी निवडले. या प्रमाणात सहा फुटांचा माणूस दीड इंचाचा होतो आणि विमान जेवणाच्या ताटात मावते. प्रमाण ही गोष्ट वरवर पाहता केवळ भागाकाराची वाटते, पण काम सुरू केले की तो भागाकार प्रत्येक ठिकाणी आडवा येतो. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमधली फट मिलिमीटरभर असेल, तर माझ्या प्रतिकृतीवर ती ०.०२ मिलिमीटर व्हायला हवी, म्हणजे डोळ्यांना दिसताच कामा नये. किट बनवणारे मात्र तेथे चांगला खोल चर कोरून ठेवतात. तो उलट मोजला तर खऱ्या विमानावर सात मिलिमीटर रुंद निघतो आणि त्यात आख्खी पेन्सिल रुतून बसेल. या चरांत काळा रंग भरून ते आणखी उठावदार करण्याची सध्या फार चाल आहे. मला ती पटत नाही. तसे विमान पाहिले की मला भेगाळलेली फरशी आठवते. मी बहुतेक चर पुट्टीने अर्धे भरले आणि पॉलिश पेपरने घासून इतके उथळ केले की उजेड तिरपा पडला तरच ते दिसावेत. रंगाचेही तसेच आहे. ब्रशच्या हाताचा ०.०५ मिलिमीटरचा थर खऱ्या विमानावर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा गिलावा होतो, म्हणून रंग एअरब्रशने, धुक्यासारखा, अनेक हातांत द्यावा लागतो.

तीस वर्षे मी रावपुऱ्यातल्या एका जिन्याखालच्या खोलीत कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवल्या. दंतवैद्य माप पाठवत, मी दात पाठवत असे. मापात मिलिमीटराचा दहावा भाग चुकला तरी रोग्याला घास चावता येत नाही, त्यामुळे बारीक कामाची मला भीती नव्हती. प्रयोगशाळा विकताना मी बहुतेक सामान देऊन टाकले, पण मेण कोरायची हत्यारे, प्रोब, दात घासून आकार देण्याचे बारीक बर आणि एक लहान व्हॅक्यूम यंत्र ठेवून घेतले. ते यंत्र तापवलेला पारदर्शक पत्रा प्लास्टरच्या साच्यावर ओढून घट्ट बसवते. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी रात्री घालायच्या पट्ट्या त्यावर होतात. ते का ठेवून घेतले, हे मला तेव्हा सांगता आले नसते.

बडोद्याच्या तुकडीकडे निरनिराळ्या वेळी स्पिटफायरच्या निरनिराळ्या आवृत्त्या होत्या. मी त्यांतली सहावी आवृत्ती, मार्क ६, निवडली. ही सुमारे शंभरच बनली आणि तिचे किट मला परवडेल अशा किमतीत मिळाले नाही, म्हणून मार्क ५ चे किट घेऊन त्याची मार्क ६ करायचे ठरवले. दोन्हींचा सांगाडा मुळात एकच असल्यामुळे हे शक्य असते.

मार्क ६ कशासाठी जन्मली, ते सांगायला हवे. युंकर्स ८६ या जर्मन विमानाची एक अशी आवृत्ती होती की ती ४० हजार फुटांच्या आसपास उडत असे आणि तेथवर ब्रिटिश विमाने पोहोचत नसत. त्या उंचीवर तापमान शून्याखाली ५५ अंशांच्या आसपास असते आणि हवेचा दाब इतका कमी असतो की मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू घेऊनही माणूस जेमतेम शुद्धीवर राहतो. म्हणून स्पिटफायरचे पंख टोकांशी लांबवण्यात आले, तीनऐवजी चार पात्यांचा पंखा आला, आणि वैमानिकाची खोली पुढून-मागून पडदे घालून हवाबंद करण्यात आली. इंजिनाच्या उजव्या अंगाला बसवलेला एक पंप या खोलीत हवा भरत असे आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला दोन पौंडांनी जास्त ठेवत असे. म्हणजे विमान ४० हजार फुटांवर असताना आतल्या माणसाला आपण २८ हजार फुटांवर आहोत असे वाटायचे. २८ हजार फूट म्हणजे एव्हरेस्टचे शिखर जेमतेम हजार फूट उरले असतानाची जागा. सुख म्हणावे ते एवढेच होते.

हवाबंद करायचे तर फटी बुजवायला हव्यात. नेहमीच्या स्पिटफायरला वैमानिकाच्या डाव्या हाताला खाली उघडणारे एक छोटे दार असे. ते काढून टाकले. डोक्यावरचे काचेचे झाकण इतर आवृत्त्यांत मागे सरकत असे, तेही गेले. मार्क ६ मध्ये वैमानिक आत बसला की जमिनीवरचे कामगार ते झाकण उचलून वर ठेवत आणि खटके लावून बसवून टाकत. संकटात ते आतून फेकून देण्याची सोय होती, पण एरवी खाली उतरून कोणीतरी येऊन काढीपर्यंत माणूस आत. वैमानिकांना ते अजिबात आवडत नसे. शिवाय पंपातून येणारी हवा गरम असल्यामुळे कमी उंचीवर आत भाजून निघायला होत असे. बडोद्याच्या नावाच्या विमानात निदान उकाडा तरी बडोद्याचा होता, असे मी एकदा गमतीने म्हणालो, पण ऐकणाऱ्याला हसू आले नाही आणि नंतर मलाही आले नाही.

आणि एवढे करून काय झाले? १२ सप्टेंबर १९४२ रोजी साउदॅम्प्टनच्या आकाशात सुमारे ४३ हजार फुटांवर एका युंकर्स ८६ ला एका स्पिटफायरने गाठले आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ती त्या महायुद्धातली सर्वांत उंचावरची चकमक मानली जाते. पण ते विमान मार्क ९ होते, अनावश्यक वजन काढून हलके केलेले. त्याची खोली हवाबंद नव्हती आणि त्याचे झाकण सरकत होते. एमॅन्युएल गॅलिट्झिन हा वैमानिक तेथे प्राणवायूच्या मुखवट्याच्या आणि गरम कपड्यांच्या जोरावर पोहोचला. कोंडलेले विमान ज्या कामासाठी बनवले होते, ते काम मोकळ्या विमानाने केले.

माझे काम पंखांच्या टोकांपासून सुरू झाले. खऱ्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंचांवरून ४० फूट २ इंच झाला होता, म्हणजे प्रत्येक बाजूला २० इंचांची वाढ, आणि माझ्या टेबलावर साधारण साडेदहा मिलिमीटरांची. ही टोके मी कवळीच्या ॲक्रिलिकची केली, कारण त्या पदार्थाचा स्वभाव मला माहीत आहे: किती वेळात घट्ट होते, कोणत्या क्षणी कोरावे, केव्हा सोडून द्यावे. ॲक्रिलिक अर्थातच गुलाबी होते. राखाडी प्लास्टिकच्या पंखांना दोन गुलाबी टोके आली, तेव्हा आत्याने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "विमानाला हिरड्या फुटल्या रे."

पंख्याच्या पात्यांसाठी मी एक पाते कोरले, दातांचे माप घेतात त्या सिलिकॉनमध्ये त्याचा साचा घेतला आणि चार पाती ओतली. चारही घासून, तोलून, नाकाच्या शंकूवर नव्वद-नव्वद अंशांत बसवली आणि मग लक्षात आले की पात्यांचा पीळ उलटा आहे. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिला तर उजवीकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. मी समोरच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रावरून कोरताना डोक्यातल्या डोक्यात बाजू पालटायला विसरलो होतो. कवळी करणाऱ्याने उजवे-डावे चुकवावे यासारखी नामुष्की नाही. माझ्या पंख्याने ते विमान मागे मागे गेले असते. ती चार पाती मी एका डबीत ठेवून दिली आहेत आणि दुसरी चार ओतायला तीन आठवडे घेतले.

बडोद्याच्या हवेत रंगकाम करणे हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. मे महिन्यात पारा ४३ वर असताना एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाटेत वाळतो आणि पंख पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो; श्रावणात हवेतले पाणी वॉर्निशच्या थरात अडकते आणि सगळे विमान दुधाळ दिसू लागते. माझे दोन्ही झाले. दुधाळपणा घालवण्यासाठी मंद वाळणाऱ्या थिनरचा एक हलका हात वरून मारला आणि खोली रात्रभर बंद ठेवली, तेव्हा खालचा हिरवा रंग पुन्हा वर आला. १९४१ च्या ऑगस्टपासून ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वरच्या अंगाला गडद हिरव्याबरोबर समुद्री करडा रंग देत आणि पोटाला फिकट करडा. शेपटीजवळ आकाशी-हिरवट रंगाचा एक पट्टा असे. धडावर तुकडीची अक्षरे असत. १२४ व्या तुकडीची अक्षरे ओ आणि एन ही होती. विमानावर बडोद्याचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवण्याची रीत नव्हती, आणि मुंगूसही विमानावर नसे. एका संध्याकाळी फार मोह झाला होता. बारीक ब्रश हातात होता, खोलीच्या खाली चार अक्षरांची जागा मोकळी होती, आणि येथे मला पाहणारे कोणी नव्हते. मी ब्रश धुऊन ठेवला. जे नव्हते ते घालायचे असेल तर चौदा महिने पट्टी आणि भिंग घेऊन बसण्याची गरज नव्हती.

वैमानिकाच्या खोलीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. तिची रुंदी बोटाच्या पेराएवढी. स्पिटफायरच्या अनेक विमानांतली बैठक राळ आणि कागद यांचे थर दाबून केलेली, तांबूस तपकिरी रंगाची असे. तो रंग मी गुलाबी ॲक्रिलिकमध्ये तपकिरी मिसळून थेट पदार्थातच आणला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. समोरच्या काळ्या फळीवरची प्रत्येक तबकडी पावणेदोन मिलिमीटरांहून लहान. हातातल्या दांड्याला वर कडे असते, आणि दांड्याचा वरचा भाग तेवढाच डावी-उजवीकडे झुकतो, कारण गुडघ्यांना जागा नसते. हवा वाहून नेणाऱ्या नळ्या मी किटच्या चौकटीचे प्लास्टिक देवघरातल्या निरांजनावर तापवून, ओढून, केसाएवढे बारीक करून बनवल्या. पितळी पत्र्यातून कातरलेले पट्टे बैठकीवर असे टाकले की कोणीतरी नुकतेच उठून गेले आहे असे वाटावे. किटबरोबर वैमानिकाची एक मूर्तीही आली होती, पण ती इतकी ओबडधोबड होती की मी तिला बाजूला ठेवले.

हे सगळे पूर्ण झाले आणि तेव्हा मला माझी अडचण कळली. इतर कोणतीही स्पिटफायर करणारा माणूस झाकण मागे सरकवून ठेवतो आणि दार उघडे सोडतो, म्हणजे आतले काम दिसते. माझ्या विमानाला दार नव्हते, ते मी स्वतःच पुट्टीने बुजवले होते. आणि झाकण सरकत नव्हते. ते वर बसलेले तरी असणार, नाही तर विमानावर नसणारच. बसवले तर दोन महिन्यांचे काम करंगळीच्या नखाहून जरा मोठ्या, वक्र काचेखाली कायमचे गेले. काढून शेजारी ठेवले तर विमान अर्धवट राहिले असे कोणीही म्हणेल. झाकण मी व्हॅक्यूम यंत्रावर ओढून तयार केले, सहा वाया गेल्यावर सातवे स्वच्छ निघाले, आणि मग ते कापसावर ठेवून मी नुसता बसून राहिलो. सुमारे महिनाभर टेबलाला हात लावला नाही.

या महिन्यात एकदा आत्या काठी टेकत आली आणि तिने विचारले की काम का थांबले. मी तिला झाकणाचे सांगितले. काय वाटेल ते तिला मोठ्याने सांगावे लागते, त्यामुळे माझा तांत्रिक प्रश्न साऱ्या गल्लीने ऐकला असेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बाहेरून कडी?"

मी म्हटले, तसेच म्हणायला हरकत नाही.

मग ती बोलली ते मी आजवर ऐकलेले नव्हते. युद्धाच्या काळात ती सात-आठ वर्षांची होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तेथून येणारे तेल बंद झाले, हे मी पुस्तकात वाचले होते. आत्याला त्यातले ब्रह्मदेश ठाऊक नव्हते, रॉकेल ठाऊक होते. रॉकेलच्या रांगेत पहाटे उभे राहावे लागे. आजोबा कचेरीत, घरात दुसरे मोठे कोणी नाही, म्हणून आजी तिला आणि माझ्या तान्ह्या वडिलांना आत ठेवून बाहेरून कडी लावून जात असे. रांग किती वेळ चालेल ते कोणालाच ठाऊक नसे. "कडी लागल्याचा आवाज अजून कानात आहे," ती म्हणाली. "बाकी आता काही ऐकू येत नाही, पण तो येतो. तुझा बाप रडायला लागायचा. मी त्याला फटीतून रस्ता दाखवायचे. फटीतून म्हशी जाताना दिसायच्या, आणि कोणीच थांबायचे नाही."

मी काय बोलणार होतो? जुलै १९४२ मध्ये तुकडीला मार्क ६ विमाने मिळाली. त्याच वर्षी, त्याच नावाच्या गावात, दोन मुले रॉकेलसाठी कोंडलेली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे मी म्हणत नाही. आजोबांच्या पगारातून जशी विमाने निघत नव्हती, तशीच आजीच्या बाटलीतल्या रॉकेलवर ती उडतही नव्हती. पण त्या दिवसापासून मला विमानाकडे नुसते विमान म्हणून पाहता येईना. आजवर मी मापे घेत होतो ती काचेच्या बाहेरच्या बाजूने. खटके लावणाऱ्या माणसाच्या जागी उभा राहून.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, बडोद्यात काम करणे शक्यच नसते. पहाटेपासून गच्च्या भरतात, आणि वर्षातला तो एकच दिवस असा की सारे गाव मान वर करून आकाशाकडे पाहते. यंदा गच्चीचा जिना आत्याला चढवेना म्हणून आम्ही दोघे गॅलरीत बसलो होतो. समोरच्या वाड्याच्या कौलांवर दोन कापलेले पतंग अडकले होते. मी विमान आणि झाकणाची डबी बाहेर आणून तिच्यासमोरच्या स्टुलावर ठेवली, आणि माझे भिंग तिच्या हातात दिले. तिचा हात आता थरथरतो. भिंग स्थिर व्हायला वेळ लागला, आणि त्या वेळात तिच्या बांगडीचा धक्का लागून पंखाखालची वेगमापकाची नळी मोडून खाली पडली. मी काही म्हटले नाही. ती नळी सुईची आहे, पुन्हा करता येते.

"खुर्ची रिकामी आहे," ती म्हणाली.

"हो."

"आत कोणी नाही?"

"नाही, आत्या. कोणी नाही."

तिने भिंग खाली ठेवले. "मग लाव की कडी. रिकाम्या घराला लावायला काय झाले?"

सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच पांढरी पडते, म्हणून झाकण नेहमी पांढऱ्या डिंकाने चिकटवतात. तो वाळला की पारदर्शक होतो. टाचणीच्या टोकाने मी कडेला डिंक फिरवला, झाकण चिमट्याने उचलून जागेवर ठेवले आणि हलकेच दाबले. ते बसले. डिंक धरायला अर्धा तास लागतो. वरून "काट्यो छे" असा आरडाओरडा झाला, एक हिरवा पतंग डुलत गॅलरीसमोरून खाली गेला, आणि आत्याने तो पकडायला हात पुढे केला, पण तोवर तो निघून गेला होता.